मॉडेल टी आणि पिकअप : दोन वाहनांच्या तुलनेची ऐतिहासिक चिकित्सा

जुनी मोटारगाडी आणि नवे वाहन शेजारी शेजारी उभे करून त्यांची तुलना करण्याची हौस पाश्चात्त्य देशांत, विशेषतः अमेरिकेत, फार मोठी आहे. अशा तुलनेत एका बाजूस बहुधा फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ असते आणि दुसऱ्या बाजूस त्याच कंपनीची ‘एफ-१५०’ ही पिकअप, म्हणजे पुढे माणसांची केबिन व मागे उघडा हौदा असलेली हलकी मालमोटार. आकड्यांचे कोष्टक मांडले जाते, जुन्या गाडीविषयी दोन प्रेमाचे शब्द उच्चारले जातात आणि यंत्रविद्येच्या प्रगतीचा जयघोष करून विषय संपतो. हे कोष्टक खोटे नसते. पण इतिहासाच्या अभ्यासकाला ज्या प्रश्नाचे उत्तर हवे असते, तो प्रश्न त्यात विचारलेलाच नसतो.

प्रथम आकडे पाहावेत. मॉडेल टी १ ऑक्टोबर १९०८ रोजी बाजारात आली. तिचे चार सिलिंडरांचे इंजिन १७७ घन इंचांचे, म्हणजे सुमारे २.९ लिटरचे, होते आणि ते २० अश्वशक्ती देई. गाडीचे वजन घडणीप्रमाणे १,२०० ते १,६५० पौंडांच्या दरम्यान असे आणि तिचा कमाल वेग ताशी ४० ते ४५ मैल होता. २०१५ सालच्या एफ-१५० मध्ये मिळणारे एक इंजिन २.७ लिटरचे, म्हणजे मॉडेल टीच्या इंजिनाहून आकारमानाने थोडे लहानच, पण त्याची शक्ती ३२५ अश्वशक्ती होती. सोळा पटींची ही वाढ पाहून विस्मय वाटणे स्वाभाविक आहे. मात्र त्याच कोष्टकात इंधनाचा रकाना असतो. मॉडेल टी एका गॅलनमध्ये १३ ते २१ मैल चाले, असे कंपनी सांगे. २०१५ च्या उपर्युक्त पिकअपचा सरकारी सरासरी आकडा २२ मैल होता. दोहोंच्या मापनपद्धती भिन्न आहेत आणि त्यांची काटेकोर बरोबरी करणे योग्य नव्हे, हे मान्य. तरीही एक गोष्ट उघड आहे. एका शतकात इंजिनाने जी कार्यक्षमता कमावली ती इंधनाच्या बचतीत फारशी उतरली नाही. ती वेगात, सुखसोयींत, सुरक्षिततेच्या साधनांत आणि साडेचार हजार पौंडांच्या आसपास गेलेल्या वजनात खर्ची पडली. असे का झाले, हा प्रश्न यंत्रशास्त्राइतकाच समाजेतिहासाचा आहे.

तो सोडवावयाचा तर आधी तुलनेच्या दोन्ही पदांची जात तपासावी लागते. मॉडेल टी ही प्रवासी मोटारगाडी आणि एफ-१५० ही मालमोटार, असे वर्गीकरण सर्वत्र गृहीत धरलेले आढळते. प्रत्यक्ष वापराचा इतिहास मात्र जवळजवळ उलट आहे. प्रवासी म्हणून विकल्या गेलेल्या मॉडेल टीकडून तिच्या मालकांनी मालमोटारीचे व शेतावरील इंजिनाचे काम करून घेतले; मालमोटार म्हणून नोंदली गेलेली आधुनिक पिकअप बहुतांशी माणसांची ने-आण करण्यासाठी घेतली जाते. ही उलटापालट कोणी, केव्हा आणि कोणत्या कारणांनी घडवून आणली, याचा शोध या दोन वाहनांच्या तुलनेतून घेता येतो.

मॉडेल टीची घडणच तिच्या पुढील चरित्राला अनुकूल होती. त्या काळी अमेरिकेतील ग्रामीण रस्ते म्हणजे पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात चाकोऱ्या. गाडीचे पोट जमिनीपासून सुमारे दहा इंच उंच होते. पुढे व मागे एकेकच आडवी कमान असल्यामुळे एक चाक खड्ड्यात व दुसरे उंचवट्यावर गेले तरी सांगाडा पिळवटत नसे. व्हॅनेडियममिश्रित पोलादामुळे भाग हलके असूनही चिवट होते. चालविण्याची पद्धत आजच्या चालकास चक्रावून टाकील अशी होती : पायाखाली तीन पेडल, त्यांपैकी डावे गिअरचे, मधले गाडी मागे नेण्याचे आणि उजवे ब्रेकचे, वेग वाढविण्याची दांडी मात्र हाताशी, सुकाणूच्या चाकाखाली. इंजिन सुरू करण्यासाठी पुढून हॅंडल मारावे लागे, आणि ते उलटे फिरल्यास मनगट मोडण्याचे भय असे. पेट्रोलची टाकी आसनाखाली होती व इंधन केवळ उताराने इंजिनाकडे वाहत असे. त्यामुळे टाकीत पेट्रोल कमी असताना उभा चढ आला, तर गाडी वळवून ती उलटी चढवावी लागे. अशा गोष्टींची आज गंमत वाटते. पण गाडीचा प्रत्येक भाग उघड्यावर होता आणि गावच्या लोहारालाही तो समजत असे, हे त्याच साधेपणाचे दुसरे अंग होय. मालकासाठी कंपनीने जी पुस्तिका छापली होती, ती प्रश्नोत्तररूप होती : गाडी सुरू करण्यापूर्वी काय पाहावे, अमुक बिघाड का होतो, तमुक भाग कसा काढावा. दुरुस्ती मालकच करील, असे तिच्यात गृहीतच धरलेले होते.

येथून पुढचा भाग मोटारीच्या इतिहासग्रंथांत पुष्कळदा तळटीपेत जातो. वस्तुतः तो मध्यभागी असावयास हवा. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन शेतकऱ्यांचा मोटारगाडीवर रोष होता. शहरी धनिकांची ही वाहने घोडी बुजवीत, कोंबड्या चिरडीत आणि धुळीचे लोट उडवीत. काही ठिकाणी शेतकऱ्यांनी रस्त्यात चर खणून त्यांची वाट अडविली होती. स्वस्त मॉडेल टी आल्यावर हाच वर्ग तिचा मोठा ग्राहक झाला. मात्र तो कंपनीच्या जाहिरातीप्रमाणे वागला नाही. गाडीचे एक मागचे चाक जॅकवर उचलून त्यावर पट्टा चढविला की ती शेतावरील इंजिन होई. मागच्या आसाच्या मध्यावरील विभेदक दंतचक्रांची रचना अशी असते की, एक चाक जमिनीवर रोखलेले राहिले तर सगळी गती उचललेल्या चाकाकडे जाते आणि ते दुप्पट वेगाने फिरते. या एका युक्तीवर मका सोलणे, धान्य भरडणे, वैरण कापणे, लाकडे चिरणे, विहिरीचे पाणी उपसणे ही कामे होऊ लागली. काही घरांत कपडे धुण्याचे यंत्र आणि लोणी काढण्याची रवीही तिने फिरविली. मागील आसन काढून तेथे फळ्यांची पेटी बसविली की दुधाचे डबे व भाजीपाला बाजारात नेण्याची सोय होई. गाडीचे रूपांतर नांगर ओढणाऱ्या यंत्रात करण्याचे साहित्यही बाजारात विकत मिळे.

हा वापर किती व्यापक असेल, याचा अंदाज १९२० च्या अमेरिकन शेतकी गणनेवरून येतो. त्या वर्षी त्या देशातील सुमारे तीस टक्के शेतांवर मोटारगाडी होती. मालमोटार असलेल्या शेतांचे प्रमाण अवघ्या दोन टक्क्यांच्या आसपास होते. शेतमाल तर बाजारात जातच होता. घोडागाडी आणि रेल्वे यांचा वाटा वजा जाता उरलेले ओझे प्रवासी म्हणून खरेदी केलेल्या गाड्यांवर पडले असले पाहिजे, हे अनुमान टाळता येत नाही. रोनाल्ड क्लाइन आणि ट्रेव्हर पिंच यांनी १९९६ साली ‘टेक्नॉलॉजी अँड कल्चर’ या नियतकालिकातील आपल्या प्रसिद्ध निबंधात या सामग्रीवरून असे प्रतिपादन केले की, यंत्राचा अर्थ त्याचा निर्माता एकटा ठरवीत नाही. वापरणारेही तो घडवितात. त्यांच्या मते शेतकऱ्यांनी मोटारगाडीला दिलेले हे अनेक अर्थ पुढे ट्रॅक्टर, पिकअप आणि खेड्यांत आलेली वीज यांमुळे मावळले आणि मोटार ही केवळ प्रवासाची वस्तू म्हणून स्थिरावली.

या प्रतिपादनाचा पूर्वार्ध निर्विवाद वाटतो. उत्तरार्धाविषयी मात्र शंका घेण्यास जागा आहे. मोटारगाडीचा अर्थ स्थिरावला असे म्हटले, तरी तिच्यातून फुटलेल्या पिकअपचा अर्थ स्थिरावला नाही. तो पुढे तितकाच लवचीक राहिला. फरक एवढाच की, त्याला वाकविणारा हात आता शेतकऱ्याचा एकट्याचा नव्हता.

फोर्ड कंपनीने आपल्या ग्राहकांचा हा कल ओळखला, पण सावकाश. १९१७ साली तिने ‘मॉडेल टीटी’ हा एक टन भाराचा सांगाडा विक्रीस आणला. त्यावर केबिन व हौदा बसविण्याचे काम ग्राहकाने दुसरीकडून करून घ्यावयाचे असे. त्याच वर्षी ‘फोर्डसन’ ट्रॅक्टरचे उत्पादन सुरू झाले. अखेर १५ एप्रिल १९२५ रोजी कंपनीने कारखान्यातच हौदा बसविलेली मॉडेल टी जाहीर केली. तिची किंमत २८१ डॉलर होती. हौदा सुमारे ४ फूट ८ इंच लांबीचा, पोलादी. मागे उघडणारा फाळका, बाजूंना खुंट रोवण्यासाठी खोबणी आणि मागील कमान अधिक भक्कम. पहिल्या वर्षात अशा सुमारे ३४,००० गाड्या तयार झाल्या. ज्या आकाराला आज पिकअप म्हणतात, त्याचा फोर्डच्या कारखान्यातील जन्म हा. खेड्यापाड्यांतील सुतार-लोहारांनी ज्याचे नमुने आधीच शेकड्यांनी करून ठेवले होते, त्याला मिळालेली ही कारखान्याची मान्यता होती, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

किमतीच्या आकड्याबाबत एक खबरदारी घ्यावयास हवी. डॉलरच्या घटलेल्या क्रयशक्तीचा हिशेब केला तर १९२५ चे २८१ डॉलर आजच्या सुमारे पाच हजार डॉलरांइतके होतात. नव्या एफ-१५० चा साध्यात साधा प्रकारही त्याच्या कित्येक पट महाग आहे. दुसरे माप मजुरीचे. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने जाहीर केलेला दिवसाचा पाच डॉलरांचा दर धरला, तर ही गाडी म्हणजे ५६-५७ दिवसांची कमाई होते. पण तो दर सर्वांना सरसकट मिळत नव्हता. त्याचा एक भाग नफ्यातील वाटा म्हणून दिला जाई व कामगाराच्या खाजगी राहणीची तपासणी होऊन मगच तो मंजूर होई. शिवाय ही स्वस्ताई ज्यातून आली ती हायलंड पार्क येथील १९१३ ची सरकती जोडणीपद्धती (जिने एका सांगाड्याची जोडणी साडेबारा तासांवरून ९३ मिनिटांवर आणली) कामगाराला एकाच हालचालीशी जखडून टाकणारी होती. गाडीच्या मालकाला यंत्रावर जे स्वामित्व लाभले, ते ती घडविणाऱ्या कामगाराने आपल्या कौशल्यावरील स्वामित्व गमावल्यावर. तुलनेच्या कोष्टकात हा रकाना कधीच दिसत नाही.

मॉडेल टीचे उत्पादन मे १९२७ मध्ये थांबले. तोवर दीड कोटींहून अधिक गाड्या बनल्या होत्या. यानंतर काही काळ मोटार आणि मालमोटार यांच्या सीमेवरील ही जागा निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या रीतीने भरली गेली. ऑस्ट्रेलियात सांगितली जाणारी कथा बोधप्रद आहे. गिप्सलँड भागातील एका शेतकऱ्याच्या पत्नीने १९३२ च्या सुमारास फोर्ड कंपनीला लिहिले की, रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरे बाजारात नेता येतील असे एकच वाहन आम्हांस हवे. त्यावरून गीलाँग येथील कारखान्यातील तरुण आरेखक ल्यूइस बँट यांनी मोटारीची केबिन व हौदा एकसंध असलेले वाहन आखले आणि १९३४ पासून ते तयार होऊ लागले. दंतकथा म्हणून हे पत्र बाजूला ठेवले तरी चालेल. त्यात व्यक्त झालेली गरज मात्र मॉडेल टीच्या प्रत्येक ग्रामीण मालकाची होती. गरिबाला दोन वाहने परवडत नाहीत. एकाच वाहनाने दोन कामे करावी, ही अपेक्षा टंचाईतून आली होती. पुढे हीच द्विगुणी रचना सुबत्तेचे लक्षण बनली.

दुसऱ्या महायुद्धानंतर जानेवारी १९४८ मध्ये फोर्डने ‘एफ’ मालिका सुरू केली. तिच्यातील सर्वांत हलकी ‘एफ-१’ ही अर्ध्या टनाची पिकअप साडेसहा फूट लांबीच्या हौद्यासह येई. केबिन एकाच आसनाची. या टप्प्यावर पिकअप निःसंदिग्धपणे कामाचे वाहन होती. नंतरच्या दशकांत केबिन लांबत गेली व हौदा आखूड होत गेला. चार दारांच्या आजच्या एफ-१५० वर पुष्कळदा साडेपाच फुटांचा हौदा असतो. १९२५ च्या मॉडेल टीवरील हौद्याहून तो जेमतेम दहा इंच लांब आहे. शक्ती सोळा पट, वजन तिपटीच्या आसपास आणि माल ठेवण्याची लांबी जवळजवळ तीच. मधल्या काळात काय झाले हे कळण्यासाठी कारखान्यातून बाहेर पडून जकात आणि कायदा यांच्या दप्तरात शिरावे लागते.

यांतील पहिले प्रकरण कोंबड्यांचे आहे. १९६० नंतर अमेरिकेतून पश्चिम जर्मनीत स्वस्त गोठविलेल्या कोंबड्या मोठ्या प्रमाणावर जाऊ लागल्या, तेव्हा युरोपच्या सामायिक बाजारपेठेने त्यांवरील आकारणी वाढविली. वाटाघाटी फसल्यावर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये प्रतिटोला हाणला. बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलक्या मालमोटारी यांवर २५ टक्के जकात बसली व जानेवारी १९६४ पासून ती अमलात आली. मालमोटारींवरील घाव मुख्यतः फोक्सवॅगन कंपनीच्या गाड्यांसाठी होता. पुढे इतर वस्तूंवरील वाढीव जकात उठली. मालमोटारींवरील मात्र दशकानुदशके टिकली. परिणामी प्रवासी मोटारींच्या बाजारात अमेरिकन कारखान्यांना आधी जर्मन व नंतर जपानी स्पर्धा सोसावी लागली, पिकअपच्या बाजारात मात्र त्यांना तटबंदी मिळाली. जेथे स्पर्धा कमी तेथे नफा अधिक, आणि जेथे नफा अधिक तेथे भांडवल व जाहिरात यांचा ओघ, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास सांगण्याचे कारण नाही.

ही तटबंदी चुकविण्याचे प्रयत्न मोठे मनोरंजक आहेत. जपानी कंपन्या हौद्याविना केवळ केबिन व सांगाडा आयात करीत, कारण त्यावर जकात अत्यल्प होती. हौदा अमेरिकेत उतरल्यावर जोडला जाई. ही पळवाट १९८० मध्ये बंद करण्यात आली. मॉडेल टीटीचा ग्राहक खर्च वाचविण्यासाठी जे करीत असे, तेच येथे जकात वाचविण्यासाठी घडत होते. सुबारू कंपनीने तर आपल्या ‘ब्रॅट’ नावाच्या छोट्या पिकअपच्या उघड्या हौद्यात प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या बसविल्या. खुर्च्या आल्या की ते प्रवासी वाहन झाले आणि २५ टक्क्यांच्या कचाट्यातून सुटले. वाहनाची जात कोणती, हे ठरविण्याचा अधिकार शेतकऱ्याच्या सुताराकडून जकात अधिकाऱ्याकडे गेल्याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

दुसरे प्रकरण हवा व इंधन यांच्या कायद्यांचे. ‘एफ-१५०’ हे नाव १९७५ सालच्या गाडीपासून आले. त्या वर्षीपासून ६,००० पौंडांखालील वाहनांना धूरशुद्धीसाठी उत्प्रेरक यंत्र व त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आवश्यक झाले. हे वजन म्हणजे गाडीचे व तिच्या कमाल भाराचे मिळून. जुनी एफ-१०० या रेषेच्या खाली होती. तिच्यापेक्षा थोडी वजनदार, रेषेच्या किंचित वर बसणारी एफ-१५० काढल्याने तो नियम लागू होईना. अमेरिकेत पुढे सर्वाधिक खपलेले हे वाहन जन्मास आले ते अशा रीतीने, नियमाच्या एका आकड्याच्या पलीकडे पाऊल टाकून.

त्याच वर्षी, डिसेंबर १९७५ मध्ये, तेलटंचाईच्या धक्क्यानंतर अमेरिकन संसदेने ऊर्जाधोरणाचा कायदा संमत केला. प्रवासी मोटारींची इंधनसरासरी १९७८ साली गॅलनमागे १८ मैल आणि १९८५ पर्यंत २७.५ मैल व्हावी, असे त्यात ठरले. हलक्या मालमोटारींसाठी वेगळे मान ठेवले गेले आणि ते सौम्य होते. १९९० नंतरही ते २१ मैलांच्या आतच राहिले. शेतकरी, सुतार, नळकाम करणारा यांच्या धंद्याच्या साधनावर जाचक अट नको, ही त्यामागील भूमिका असमंजस म्हणता येणार नाही. १९७८ मध्ये अधिक पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांवर जो खास कर बसला, तोही मालमोटारींना लागू नव्हता. सवलत धंद्यासाठी होती, पण ती धंद्याच्या माणसाला न देता वाहनाच्या आकाराला दिलेली होती. मागे उघडा हौदा असला की पुरे. त्या हौद्यात कधी पोते पडले की नाही, हे पाहणारा कोणी नव्हता. २०११ पासून तर इंधनाचे मान वाहनाच्या चार चाकांनी व्यापलेल्या क्षेत्रफळाशी जोडले गेले. वाहन जितके ऐसपैस तितकी अट शिथिल.

परिणाम आकड्यांतून स्पष्ट होतो. १९७५ साली अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या वाहनांत कायद्याच्या व्याख्येने मालमोटार ठरणाऱ्यांचा हिस्सा सुमारे एक-पंचमांश होता. २०२० पर्यंत तो निम्म्याहून अधिक झाला. एप्रिल २०१८ मध्ये फोर्ड कंपनीने उत्तर अमेरिकेतील आपल्या जवळजवळ सर्व प्रवासी मोटारी बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. ज्या कंपनीने दीड कोटी मॉडेल टी विकून मोटारगाडी सामान्य माणसाच्या दारी नेली, तिनेच ‘मोटारगाडी’ हा प्रकार आपल्या मायदेशी जवळपास सोडून दिला.

सर्व दोष कायद्याच्या माथी मारणे मात्र एकांगी होईल. ग्राहकाच्या आवडीचा भाग होताच. कष्टाचे व स्वावलंबनाचे प्रतीक म्हणून पिकअपला जे सांस्कृतिक मोल आले, ते जकातीने निर्माण केलेले नव्हते. चार दारांच्या केबिनमुळे एकाच गाडीत कुटुंब व अवजारे दोन्ही मावतात, ही सोयही खरी आहे. आजही शेत, बांधकाम आणि दुरुस्तीची कामे करणारे असंख्य लोक एफ-१५० वर खरोखर ओझी वाहतात, आणि दीड टनापर्यंत भार घेण्याची क्षमता हौशी मालकाने वापरली नाही म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही. पण आवड ज्या बाजारात घडते, त्या बाजाराचा उतार कोणत्या दिशेला होता, हे ध्यानात घेतल्याखेरीज आवडीचा इतिहास लिहिता येणार नाही. या उताराची किंमतही कोणीतरी मोजतच असते. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षेच्या विमासंस्थेने नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, ४० इंचांहून उंच तोंडाच्या वाहनाची पादचाऱ्यास धडक बसल्यास ती प्राणघातक ठरण्याचा संभव ३० इंच व त्याहून कमी उंचीच्या उतरत्या तोंडाच्या वाहनांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असतो. मॉडेल टीच्या काळी धोका हॅंडल मारणाऱ्या मालकाच्या मनगटाला होता. आता तो रस्ता ओलांडणाऱ्या परक्याला आहे.

या इतिहासाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. ब्रिटिश साम्राज्यातील बाजारपेठा फोर्डच्या कॅनडातील शाखेकडे असल्याने हिंदुस्थानात आलेल्या अनेक मॉडेल टी कॅनडात घडलेल्या होत्या. १९२६ साली मुंबईत फोर्डची हिंदी कंपनी स्थापन झाली. सुटे भाग आणून येथे गाड्या जोडल्या जात. स्वातंत्र्यानंतर केवळ जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना सरकारी धोरण प्रतिकूल झाले आणि १९५३ च्या सुमारास तिचा कारभार आटोपला. मधल्या काळात आयात सांगाड्यावर देशी कारागिरांकडून हवा तसा वरचा भाग बांधून घेण्याची रीत आपल्याकडेही रुजली. तालुक्याच्या गावी धावणारी ‘सर्व्हिस मोटार’ हे तिचेच अपत्य. मराठीने ‘मोटार’ आणि ‘मालमोटार’ असे दोन शब्द करून टाकले, हे भाषेचे चातुर्य. वस्तू मात्र इतक्या सहजी वेगळ्या होत नाहीत, हे सर्व्हिस मोटारीच्या टपावरील पोती पाहिलेल्या कोणालाही पटेल. मॉडेल टीचा वारसा शक्तीच्या मापाने शोधावयाचा असेल, तर तो अमेरिकन पिकअपपेक्षा पुण्यात घडलेल्या व २००५ साली बाजारात आलेल्या ‘टाटा एस’मध्ये अधिक दिसेल. ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या वाहनाचे मूळ इंजिन अवघे १६ अश्वशक्तीचे होते.

आता स्वामित्वाच्या प्रश्नाकडे पुन्हा वळणे क्रमप्राप्त आहे. मॉडेल टीचा मालक तिला जॅकवर चढवी, कापी, जोडी आणि कंपनीला ते नेहमीच रुचत असे असे नाही. पण त्याला रोखण्याचे साधन कंपनीजवळ नव्हते. यंत्र स्वतःच त्याला आत बोलावीत होते. आधुनिक वाहनात इंजिन, ब्रेक, गिअर यांवर संगणकांचे नियंत्रण असते. बिघाडाचे निदान करावयासही त्यांच्याशी बोलणारे उपकरण लागते. ही माहिती स्वतंत्र कारागिरालाही मिळालीच पाहिजे, यासाठी मॅसॅच्युसेट्स राज्यातील मतदारांना २०१२ साली सार्वमताने कायदा करून घ्यावा लागला. आपल्याच गाडीचे झाकण उघडण्यासाठी कायदा लागावा, ही गोष्ट १९१२ सालच्या शेतकऱ्यास समजावून सांगणे अवघड गेले असते. उलट बाजूही आहे. त्या शेतकऱ्याला दर काही आठवड्यांनी झाकण उघडणे भाग होते. आजच्या मालकाला वर्षानुवर्षे त्याची गरजच पडत नाही. दुरुस्तीचे स्वातंत्र्य आणि दुरुस्तीची सक्ती या एकाच नाण्याच्या दोन बाजू होत्या, आणि जुन्या गाडीवर प्रेम करणारे लेखक दुसरी बाजू सहसा दाखवीत नाहीत.

तथापि क्लाइन व पिंच यांनी मावळला म्हणून नोंदविलेला अर्थ अलीकडेच एका अनपेक्षित जागी पुन्हा उगवला. २०२१ च्या एफ-१५० च्या संकरित, म्हणजे पेट्रोल व वीज या दोहोंवर चालणाऱ्या, प्रकारात हौद्यातच विजेचे सॉकेट देण्यात आले आणि त्यांतून ७.२ किलोवॅटपर्यंत वीज घेता येऊ लागली. मॉडेल टीच्या २० अश्वशक्ती म्हणजे सुमारे १५ किलोवॅट. पट्ट्याच्या घर्षणात वाया जाणारा भाग सोडला तर चाक उचलून उभ्या केलेल्या जुन्या गाडीकडून मिळणारे काम याच कोटीतले असावे. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सास राज्यात कडाक्याच्या थंडीने वीजपुरवठा कोसळला, तेव्हा अशा पिकअप घरांसमोर उभ्या करून लोकांनी त्यांच्या विजेवर आपल्या शेगड्या, दिवे व शीतकपाटे चालविली. कंपनीने आपल्या विक्रेत्यांना दुकानातील गाड्या गरजूंना तात्पुरत्या देण्याचे आवाहन केले. १९२० च्या सुमारास असे आवाहन कोणी केले नव्हते. शेतकऱ्याने पट्टा स्वतःच चढविला होता.